गैरहजरांचा कौल

९ जानेवारी १९५५, रविवार

आज चावडीवर तलाठ्यानं मामलेदारांचा कागद वाचून दाखवला. गेल्या भादव्यात इंद्रायणी गावात शिरली, तेव्हापासून जे नुसतं कानावर येत होतं ते आता शाईत उतरलं. बोरखडी नदीकाठून उठवून वर माळावर, नाशिक रस्त्याच्या कडेला वसवायला सरकार तयार आहे. जागा सरकारची, घरं ज्यानं त्यानं बांधायची. पण गावाची मर्जी असेल तरच. सबंध गावानं जमून कौल द्यायचा, जिकडं मतं जास्त तिकडं निकाल. तारीख २७ फेब्रुवारी.

माझा कौल ठरलेला आहे. मी हलणार नाही. लढाईवरून परत आलो तेव्हा इटलीत साठवलेल्या पगारातून हे दगडी घर उभं केलं. पुराचं पाणी दोन पायऱ्या चढलं आणि उतरलं. घराला ओरखडा नाही. विमलचं, माझ्या सुनेचं, तान्हं पोर त्याच आठवड्यात गेलं. ते देवाच्या हातचं, त्यात नदीचा काय दोष?

मला खटकलं ते निराळंच. कुणीतरी विचारलं, जे गावात नाहीत त्यांचं काय? तलाठी म्हणाला, "हजर असंल त्याचं मत. बाकीच्यांनी निकाल मानायचा."

बाकीचे म्हणजे थोडेथोडके नाहीत. दापोडीला एस.टी.च्या वर्कशॉपात, पिंपरीला औषधाच्या कारखान्याच्या बांधकामावर, थेरगावला वीटभट्टीवर, तिघं फौजेत. गावातली निम्मी तरणी माणसं बाहेर आहेत. माझा मुलगा मालोजीही दापोडीलाच.

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "मी इटलीत हुतो तवा ह्या गावानं आमराई तोडून लाकूड इकलं. मला इचारलं का कुणी? परत आलो तर नुसते बुंधे. गैरहजर माणूस म्हंजे मेलेला माणूस न्हवं. त्याचं मत घेतलंच पायजे."

यशवंतराव पाटील हसले. पाटील आमच्याच बाजूचे, नदीकाठचे. सभा उठल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन समजावलं की बाहेर गेलेल्या माणसाला गावच आठवतं. पोरांची मतं आपलीच आहेत. तेव्हा कुठं त्यांना पटलं.

विरुद्ध बाजूचा अजीज तांबोळी मात्र लगेच "कबूल" म्हणाला. चाकणच्या बाजारात पानतंबाखूचं दुकान चालवतो, तरी त्याला एवढा साधा हिशेब कळू नये.

१३ जानेवारी, गुरुवार

काल आणि आज खेडच्या कचेरीत बाकावर बसून काढले. शिपाई म्हणाला, साहेब कामात आहेत. मी म्हटलं, मी रिकामा आहे. शेवटी आज दुपारी मामलेदारांनी आत बोलावलं. मालोजीच्या वयाचे असतील. खुर्ची दिली.

"हवालदार, ही काही विधानसभेची निवडणूक नाही. गावची सभा आहे. सभेला माणसं हजर असतात."

"साहेब, बावन साली आमच्या पलटणीतल्या लोकांनी टपालानं मतं दिली. दिल्लीत कुणी बसावं ते छावणीतून सांगता येतं. मग आपलं घर कुठं असावं ते दापोडीतून का नाही?"

साहेबांनी टाक खाली ठेवला. मग कारकुनाला बोलावून अटी सांगितल्या. मतदारांच्या यादीत नाव असेल त्या प्रत्येकाचं मत, बाई असो की बाप्या. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस बरोबर जाईल. पेटीला दोन कुलपं, किल्ल्या दोघांकडं. फौजेतल्यांची मतं टपालानं येतील ती कचेरीतून थेट पेटीत पडतील.

"आणि अर्ज तुमच्या नावावर आहे," साहेब म्हणाले. "निकालाच्या कागदावर सही होण्याआधी तुम्ही तो मागे घेतलात तर ही मतं बाद धरीन. नसती भांडणं मला नकोत."

मी म्हटलं, "साहेब, हिंदुराव हवालदारानं मागं पाऊल घेतलेलं नाही."

थोडं जास्तच बोललो बहुतेक. पण खरं बोललो.

१६ जानेवारी, रविवार

चिठ्ठ्या तयार केल्या. पुष्कळांना वाचता येत नाही म्हणून खुणा ठरवल्या. लाटा म्हणजे नदीकाठ, सरळ रेघ म्हणजे रस्ता. प्रत्येकाला दोन्ही चिठ्ठ्या मिळतील. हवी ती दुमडून पेटीत टाकायची, उरलेली तिथंच जाळायची. विमलचा हात चांगला म्हणून खुणा काढायला तिला बसवलं. लाटा तिनं कशातरी ओढल्या, रेघ मात्र पट्टी धरून काढत बसली. म्हटलं, लाटाही जरा मनापासून काढ. "व्हय," म्हणाली.

अजीजच्या बाजूनं अजीजच येणार. कसला सोबती मिळाला!

२३ जानेवारी, रविवार

दापोडी. मी आणि अजीज नाशिक रस्त्यापर्यंत चालत गेलो. गाव आणि रस्ता यांच्यामधला ओढा कोरडा होता, चपला हातात घ्यायचीही गरज पडली नाही. कासारवाडीला बसमधून उतरलो. पेटी मांडीवर होती, कंडक्टरनं तिचंही तिकीट मागितलं. अजीज म्हणाला, "भाऊ, हिच्यात गाव बसलंय, पर अजून वजन न्हाई." कंडक्टर हसला आणि सोडून दिलं. माणूस बोलायला गोड आहे. सावध राहिलं पाहिजे.

आमच्या गावची पोरं रेल्वेजवळच्या एका चाळीत राहतात. मालोजीच्या खोलीत मतदान ठेवलं. गाडी गेली की भांडी थरथरतात. आडोसा म्हणून धोतर बांधलं. एकेकजण आत जाई आणि बाहेर येई. कुणी काही बोलेना. मला शिस्त आवडली. पलटणीतसुद्धा एवढी गप्प पोरं पाहिली नाहीत.

मालोजी सगळ्यात शेवटी आला.

"आबा, तुमी कोण म्हणून आलाय? बाप म्हणून का हवालदार म्हणून?"

"पेटी घेऊन आलेला माणूस म्हणून."

"मंग पेटीलाच सांगतो," म्हणाला आणि आडोशामागं गेला.

मला अभिमान वाटला. असं उत्तर द्यायला घरचं वळण लागतं.

एक गोष्ट मात्र बरी दिसली नाही. पोरगा उधळ्या झालाय. खोलीत नवा स्टो, भिंतीला भलामोठा आरसा, कोपऱ्यात गुंडाळलेली दुसरी गादी. एकट्या माणसाला आरसा कशाला एवढा? परत येताना अजीजला बोललो. तो माझ्याकडं बघत राहिला. काहीतरी बोलणार होता, पण मग रस्त्याकडं बघू लागला.

२५ जानेवारी, मंगळवार

विमलला पित्त झालंय असं माझी बायको सुभद्रा म्हणाली. सकाळी उठवत नाही, अन्न नको म्हणते. मळ्यातून लिंबं आणून दिली.

३० जानेवारी, रविवार

पिंपरी. बांधकाम पाहून डोळे फिरतात. चुन्याचे ढीग, लोखंडी सळया, आणि सगळीकडं माणसंच माणसं, निम्मी परमुलखातली. औषध करणार म्हणतात, पूर्वी विलायतेहून यायचं ते. इटलीत माझ्या पायात गोळी घुसली तेव्हा तेच औषध टोचलं होतं. नाहीतर पाय गेला असता. आता ते आमच्या उंबऱ्यापाशी होणार म्हणजे गंमतच.

आमच्या गावची आठ माणसं तिथं आहेत. त्यांत सावित्रीबाई. पुरात तिचं घर बसलं. नवरा आधीच गेलेला. ती पाटी टाकायला इथं आली ती इथलीच झाली. चिठ्ठ्या हातात दिल्या तर घेईना.

"हवालदार, मला कशाला वं? माझं घर कुठं हाय आता तितं?"

"घर पडलं म्हणून नाव पडत न्हाई, सावित्रीबाई. यादीत तुमचं नाव हाय."

"खरंच?" तिनं पदरानं हात पुसले, चुन्यानं पांढरे झाले होते. "मागं आमराई तोडली तवा ह्यास्नी बी कुणी इचारलं न्हवतं. तुमी आलासा, लई झालं."

चिठ्ठी पेटीत टाकताना बाईचे डोळे भरले होते. नवऱ्याला याच नदीकाठी अग्नी दिला होता. ती कसली चिठ्ठी टाकणार हे मला सांगायला नको.

६ फेब्रुवारी, रविवार

थेरगावची वीटभट्टी झाली. परतीच्या वाटेवर बाभळीखाली भाकरी सोडली. अजीजच्या बायकोनं, गौहरनं, लसणीची चटणी दिली होती ती फार चांगली होती. त्याला दिवसभर मनात होतं ते विचारलं.

"तुझा बाप बरकतचाचा नदीच्या काठाला पुरलाय. त्याला सोडून माळावर कसा जाशील?"

अजीजनं आधी तांब्या उचलला. पाणी प्यायला.

"अब्बा जाताना म्हणाले, माझ्यापाशी बसून ऱ्हाऊ नको बेटा, येत-जात जा. हवालदारसाब, माळ काय दिल्ली हाय का? सांजच्याला खाली येऊन फातिहा वाचता येतोच की."

"आणि दुकान रस्त्याला येईल, हे न्हाई सांगत."

"त्ये बी हाय," तो हसला. "खोटं कशाला बोलू? पर भादव्यात ओढा भरला की आमी चार-चार दिवस कोंडून पडतो. तुमाला तर..." आणि तो थांबला. भाकरी बांधून ठेवली.

मला तर काय? मला ओढ्याची भीती नाही. मी इटलीत बर्फाच्या नद्या ओलांडल्या आहेत, डोक्यावर रायफल धरून.

१४ फेब्रुवारी, सोमवार

पाटलांनी वाड्यावर बोलावलं. पोरं काय म्हणत होती ते विचारलं. मी म्हटलं, विचारलं नाही. मताला मान असतो. पाटील चिडले.

"आरं, पर अंदाज तर असंल?"

"सगळी नदीचीच. परमुलखात हुतो तवा मला रोज नदी दिसायची, डोळं मिटलं की. त्यांचं बी तसंच."

पाटलांना बरं वाटलं. चहा सांगितला. म्हणाले, "एकदा का गाव रस्त्याला गेलं की माणसं हाताला लागायची न्हाईत, हिंदुराव. सकाळच्या बसनं जातील आणि सांजच्या बसनं येतील. माझा ऊस कोण तोडंल?"

खरं आहे. रस्त्यानं माया तुटते.

आमच्या घरात मात्र या विषयावर कुणी बोलत नाही. सुभद्राला म्हटलं, तुझं मतही यादीत आहे बरं का, सभेला यायचं. "येईन की," म्हणाली. कपडे वाळत घालत होती. वळली नाही.

२६ फेब्रुवारी, शनिवार

उद्या. पेटी अजीजनं आणि मी मिळून तलाठ्याच्या स्वाधीन केली. पागोटं धुऊन ठेवलंय. पदकं लावावीत की नाही याचा विचार करतोय. लावीन.

२७ फेब्रुवारी, रविवार

जसं घडलं तसं लिहितो. आजचं आजच लिहिलं पाहिजे.

खेडहून अव्वल कारकून आले. चावडीपुढं गाव जमलं. कारकुनांनी सांगितलं, नदीकाठी राहायचं असेल त्यांनी उजव्या हाताला व्हावं, माळावर जायचं असेल त्यांनी डाव्या. आधी हजर माणसं मोजू, मग पेटी उघडू.

मी पहिला उजवीकडं जाऊन उभा राहिलो. पाटील आले, त्यांची भावकी आली, म्हातारी माणसं एकामागून एक आली. अजीज आणि त्याचे लोक डावीकडं. मग बायका उठल्या. सुभद्रानं पदर नीट केला, विमलचा हात धरला आणि ती डावीकडं चालू लागली.

मला वाटलं, हिला डावं-उजवं कळलं नाही. मी हाक मारली, "सुभद्रे, हिकडं."

ती थांबली. सगळं गाव बघत होतं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली, आणि पलीकडं जाऊन उभी राहिली. विमलनं मान खाली घातली होती. सुभद्रानं घातली नव्हती.

मोजायला मी आणि अजीज दोघं होतो. त्या दोघींसमोर आलो. "वीस, एकवीस," असं म्हणून पुढं गेलो. आकडा चुकवला नाही.

हजर माणसांत आमचा पक्ष चांगला वरचढ निघाला. पाटलांनी मिशीवर हात फिरवला. मग पेटी पुढं आली. अजीजनं आपलं कुलूप काढलं, मी माझं. कारकुनांनी पेटी घोंगडीवर उलटी केली आणि एकेक चिठ्ठी उघडू लागले.

रेघ. रेघ. रेघ. लाटा. रेघ. रेघ.

मी आधी त्यांच्या हाताकडं बघत होतो, मग घोंगडीकडं. लाटांच्या सात निघाल्या, फक्त सात. बाकी सगळा ढीग रेघांचा. फौजेतल्या तिघांच्या चिठ्ठ्या टपालाच्या पाकिटांत होत्या, त्याही रेघाच. त्यात मालोजीची कुठली आणि सावित्रीबाईची कुठली ते कळत नव्हतं. कळू नये असंच मी ठरवून दिलं होतं. पण सात सोडून सगळ्या रेघा म्हटल्यावर आणखी काय कळायचं राहिलं?

सगळं मिळून माळ जिंकला.

पाटीलच आधी उठले. "हे काय न्याय झाला? जे इथं ऱ्हात न्हाईत त्यांनी आमाला उठवायचं?" मग माझ्याकडं वळले. "हिंदुराव, अर्ज तुझ्या नावावर हाय. अजून सही झाल्याली न्हाई. माघारी घे. एवढंच म्हण आणि आपण जिंकलो."

कारकुनांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "हवालदार, पाटील म्हणतात ते खरं आहे. तुम्ही अर्ज मागे घेतला तर ही मतं मला धरता येणार नाहीत. फक्त हजर माणसांचा निकाल लिहीन. तुमची इच्छा?"

खोटं लिहीत नाही. मला घर दिसलं. एकेक दगड मी घडवून घेतला होता तो दिसला. तोंड उघडलं की ते वाचत होतं. समोर अजीज उभा होता. त्यानं हात जोडले असते किंवा डोळे वटारले असते तर मला सोपं गेलं असतं.

मग मला सावित्रीबाईचे चुन्याचे हात आठवले. तिला "नाव पडत न्हाई" असं मीच म्हणालो होतो.

मी म्हटलं, "पाटील, ह्या पोरांनी लाटांच्या चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर आपण त्यांना गावची लेकरं म्हणलो असतो. रेघ टाकली म्हणून ती आज परकी झाली का?"

"भाषण नगं. व्हय का न्हाई?"

"न्हाई. अर्ज माघारी न्हाई. साहेब, सही घ्या."

माझी सही मी केली. अजीजनं केली. पाटील म्हणाले, "उद्यापास्नं माझ्या दारात पाय ठेवू नगंस," आणि धोतराचा सोगा सावरत निघून गेले. आमच्या बाजूचे सगळे त्यांच्यामागं गेले. उजव्या हाताला मी एकटाच उरलो, पदकं लावून.

२८ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सुभद्रा परसात शेण्या थापत होती. मी जाऊन उभा राहिलो. रात्री जेवलो नव्हतो, तिनंही आग्रह केला नव्हता.

"सगळ्या गावासमोर माझी मान खाली घातलीस," मी म्हटलं.

ती थापत राहिली. "विमलला श्रावणात दिवस भरत्यात."

मला क्षणभर अर्थच लागला नाही. "पित्त झालंय म्हणालीस."

"त्ये मी तुमाला म्हणाले."

"मला सांगितलं का न्हाई कुणी?"

तेव्हा तिनं हात धुतले आणि समोर उभी राहिली. तीस वर्षांत ती माझ्याशी अशी बोललेली मला आठवत नाही.

"तुमी इचारलं का? दापोडीतल्या माणसाला इचारायला पेटी घिऊन गेलासा. पिंपरीला गेलासा, थेरगावला गेलासा. माजघरात कोण ऱ्हातं त्यास्नी कुणी इचारायचं? मालोजीनं खोली लावून ठिवलीय. गाव हितंच ऱ्हायलं तर विमलला घिऊन जाणार हुता, कायमची. पुन्यांदा तिला ओढ्याच्या ह्या अंगाला बाळंत व्हऊ देणार न्हाई म्हणाला."

मग नवा स्टो आठवला, आणि आरसा.

आता ते लिहितो जे मी कधी लिहिलं नाही. त्या भादव्यात बाळाला ताप चढला तेव्हा चाकणच्या डॉक्टरला निरोप धाडला होता. डॉक्टर आला. ओढ्याच्या पलीकडं सायकल धरून उभा राहिला. मी अलीकडं, घोंगडी पांघरून. मधून पाणी धावत होतं, झाडं वाहत होती. आम्ही एकमेकांकडं बघत होतो. त्यानं हातातली पिशवी वर करून दाखवली, औषध आहे असं सांगायला. मी हात वर केला, कळलं असं सांगायला. इटलीत नद्या ओलांडलेला माणूस मी, पण त्या पाण्यात उतरलो नाही. उतरलो असतो तर वाहून गेलो असतो, हे खरं आहे. पाणी उतरेपर्यंत तो माणूस थांबला होता. घरी त्याचं काम राहिलं नव्हतं.

मी त्या मरणाला देवाचं नाव दिलं आणि दार लावून घेतलं. घरातल्या बायका त्या ओढ्यावर रोज धुणं धूत होत्या.

९ मार्च, बुधवार

कौल झाला, आता हुकूम. हुकूम पटला नाही म्हणून जवान खंदकात बसून राहत नाही. माळावर मोजणी सुरू झाली तिथं साखळी धरायला मी गेलो. अजीजनं रस्त्याला लागून कोपरा सुचवला. मी आतली जागा मागून घेतली. रस्त्याची धूळ दुकानदारांनी खावी. तो हसला.

सकाळी नदीवर गेलो तर पाटलांचा गडी तोंड फिरवून गेला. बोलायचं नसेल तर नको. पण आता त्यांच्या उसाचं बोलणं आठवलं आणि समजलं. इतका वेळ का लागला मला?

११ जून, शनिवार

पाऊस लागायच्या आत विमलला दापोडीला पोचवलं. सुभद्रा तिच्याबरोबर राहणार. ओढा ओलांडताना विमल मधोमध थांबली, कोरड्या खडकात. मी म्हटलं, चल पोरी. हात दिला. तिनं धरला. सून झाल्यापासून पहिल्यांदाच.

चूल माझी मी पेटवतो. भाकरी जमत नाही. भात जमतो.

१६ ऑगस्ट, मंगळवार

ओढा चार दिवस भरलेला. पलीकडून अजीजनं ओरडून सांगितलं, चाकणला निरोप आला होता. मुलगी. दोघी खुशाल. त्यानं दोनदा सांगितलं, पाण्याच्या आवाजात मला ऐकू येत नव्हतं म्हणून. मी हात वर केला.

नाव मालोजीनं ठेवलंय: इंद्रायणी. ज्यानं रेघेची चिठ्ठी टाकली त्यानंच हे नाव ठेवावं! मी त्यांना नदी विसरलेले समजत होतो.

२० नोव्हेंबर, रविवार

दगडी घर उतरवायला सुरुवात केली. पहार पहिल्यांदा मीच घातली. दुसऱ्या कुणी घातलेली मला सोसली नसती. दगड वर न्यायला अजीजनं बैलगाडी दिली, आणि मालोजीबरोबर वर्कशॉपातली चार पोरं आली. त्यांच्याशी बोलताना कळलं की लाटांच्या सात चिठ्ठ्यांपैकी एक त्यांच्यातल्या एकाची होती. तोही दगड वाहत होता. विचारलं, का रे? म्हणाला, "झालं की आता, हवालदार. तुमीच सही केली न्हवं?"

पाटील आणि त्यांच्या भावकीची काही घरं खालीच राहणार म्हणतात. माळावरची तरणी मंडळी म्हणाली, त्यांना नोटीस काढून उठवा. मी खेडला अर्ज टाकला आहे की कुणालाही जबरीनं उठवू नये आणि खाली राहणाऱ्यांची नावं गावच्या यादीत तशीच ठेवावीत. अजीजला सही मागितली. त्यानं आधी वाचला, मग केली. पाटलांना हे कळलं असावं. काल नदीवर दिसले तेव्हा बोलले नाहीत, पण थांबले.

१३ डिसेंबर, मंगळवार

माळावर वारा फार. विहिरीला मुरूम लागलाय, पाणी नाही. अजून खालूनच हंडे येतात, आणि बायका मला ऐकू जाईल अशा बेतानं कुरकुरतात. भिंती कमरेएवढ्या झाल्या, वर पत्रा टाकलाय. काल मालोजीनं विमलला, पोरीला आणि सुभद्राला दापोडीहून इथं आणून सोडलं. पहाटे जाग येते तेव्हा नदीचा आवाज नसतो. कान उगीच शोधत राहतात. हे घर खालच्यासारखं होणार नाही. कोपऱ्याचे दोन दगड उतरवताना फुटले.

पण विहीर खणायचीच आहे. उद्या सुरुंग लावणारा माणूस येतोय. हात आहेत तोवर पाणी लागेपर्यंत खणू.

संध्याकाळी पोरीला घेऊन पत्र्याखाली बसलो होतो. रस्त्यावर बस थांबल्याचा आवाज आला. जरा वेळानं पावलं वाजली आणि मालोजी दारात उभा राहिला, अंगावर वर्कशॉपचेच कपडे, हाताला तेलाचा काळेपणा. सकाळीच कामावर परत गेला होता. मला वाटलं, काही झालं काय? तोंडातून निघूनच गेलं, "का रे, आज कसा आलास?"

"कसा म्हंजे? शिफ्ट सुटली आबा," तो म्हणाला. "घरी आलो."

विमलनं पाण्याचा तांब्या पुढं केला. सुभद्रानं ताट वाढलं. आम्ही सगळे बसलो, आणि साध्या मंगळवारी माझा मुलगा माझ्याशेजारी जेवला.